काचेच्या टाकीतला शेजार

घरात माशांची टाकी आणायची ठरली, की दुकानात गेल्यावर माणूस आधी रंग बघतो. दोन केशरी द्या, दोन काळे द्या, ते निळे चमकणारे अर्धा डझन द्या आणि काच साफ करायला एक सकर टाका. पिशव्या घरी येतात, पोरं टाकीभोवती जमतात, दोन दिवस आनंदात जातात. आठवड्याने मोजावं तर सहा निळ्यांचे चार झालेले असतात. पंधरवड्याने दोन. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, पाणी बाधलं असेल. पुष्कळदा पाणी निर्दोष असतं, बाधलेला असतो तो शेजार.

आज या शेजाराविषयीच बोलायचं आहे. कोणत्या जिवाला कोणाबरोबर ठेवावं, हा प्रश्न काचेच्या टाकीहून फार जुना आहे, आणि त्याच्या इतिहासातली काही पानं आपल्या मुलखातली आहेत.

बाराव्या शतकात कल्याणीला चालुक्यांचं राज्य होतं. कल्याणी म्हणजे मुंबईजवळचं कल्याण नव्हे. बिदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला. काळ शके १०५१, म्हणजे इसवी सन ११२९. राजाने काय खावं, कुठे राहावं, हत्ती कसे पारखावेत, गाणं कसं ऐकावं, असे शंभर विषय त्यात आहेत. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ ठाऊक आहे तो वेगळ्या कारणाने. त्यातल्या गाण्याच्या प्रकरणात दशावतारांवरच्या काही जुन्या मराठी ओळी सापडतात, आणि अवतारांची सुरुवात अर्थातच मत्स्यापासून होते. याच ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. पस्तीसेक जातींचे मासे त्यात येतात. समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, अशी वर्गवारी आहे. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कोणाला पिठाचे आणि तिळाचे गोळे आवडतात आणि कोणाला मांसच लागतं, हे राजाने वेगवेगळं सांगितलं आहे. राजाला मासे पाळण्याची हौस नव्हती हे खरं. चारा घालून पोसायचे आणि गळाला लावायचे, हा त्याचा विनोद. पण कोण काय खातो हे ठाऊक असणं ही मत्स्यपालनाची पहिली पायरी, आणि ती नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या मुलखात लिहून झाली होती.

या प्रकरणाचा माशांच्या अंगाने अभ्यास केला तो डॉ. सुंदरलाल होरा यांनी. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे ते संचालक होते. त्यांचा लेख १९५१ सालचा. हे नाव लक्षात ठेवा, थोड्या वेळाने ते आपल्याला देवळालीत भेटणार आहे.

सोमेश्वर गळ टाकत होता त्याच शतकात चीनमध्ये सुंग राजवटीत सोनेरी मासे तळ्यात हौसेने पाळले जात होते. आपण ज्याला गोल्डफिश म्हणतो तो हाच. मूळचा करड्या रंगाचा, कार्प कुळातला साधा मासा. त्यातले चुकून तांबूस निपजलेले निवडून त्यांची वीण करत करत आजचा केशरी रंग आला. सतराव्या शतकात तो युरोपात पोचला आणि पुढे जगभर गेला. मुंबईच्या जुम्मा मशिदीतही तो जाऊन बसला. ही मशीद १७७५ साली बांधायला घेतली आणि १८०२ साली पुरी झाली. जुन्या तळ्यावर ती उभी आहे. नमाजाआधी हातपाय-तोंड धुण्यासाठी मशिदीत हौद असतो. इथे हौदाच्या जागी ते अख्खं तळंच आहे, झऱ्याच्या पाण्याचं, दहाएक फूट खोल. जुन्या मुंबई गॅझेटियरमध्ये त्यातल्या सोनेरी-रुपेरी माशांची नोंद आहे. कासवंही त्यात राहत आली आहेत. कासव माशाला खातं, ही गोष्ट कुणालाही माहीत आहे. मग इतकी वर्षं हा शेजार टिकला कसा? जागेमुळे. पाण्याचा पृष्ठभाग मोठा, खोली भरपूर, पळायला वाव, आणि खाली झरे. दोन फुटी टाकीत हाच संसार मांडला तर कासव आठवडाभरात सगळं घर साफ करील.

आता काचेच्या टाकीकडे येऊ. लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. औषधी बनवणाऱ्यांच्या संस्थेत नोकरीला होता. माणसाने पाणी न बदलता जलचर जिवंत ठेवता येतात का, हे त्याला पाहायचं होतं. १८४९ साली त्याने काचेच्या भांड्यात वाळू-दगड घातले, दोन लहान गोल्डफिश सोडले आणि फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली. हिशेब सरळ होता. मासा श्वासातून जे सोडील ते वनस्पती घेईल आणि वनस्पती जे सोडील त्यावर मासा जगेल. सुरुवात चांगली झाली. मग वनस्पतीची जुनी पानं कुजू लागली, पाणी गढुळलं, काचेवर हिरवं शेवाळ चढलं, आणि मासे धोक्यात आले. वॉरिंग्टनने काय केलं? त्याने तळ्यातल्या पाच-सहा पाणगोगलगाई आणून सोडल्या. गोगलगाईंनी कुजकं खाल्लं, शेवाळ खाल्लं, पाणी निवळलं. वर त्यांनी अंडी घातली, ती माशांना खायला झाली. १८५० साली त्याने हे सगळं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत वाचून दाखवलं.

मला ही हकीकत फार आवडते. रंग जुळतो का हे वॉरिंग्टनने पाहिलं नव्हतं. गोगलगाईला तर दाखवण्यासारखा रंगही नव्हता. टाकीत एक काम करणारा कमी पडत होता, तो त्याने नेमला. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं पहिलं सार्वजनिक घर उघडलं, १८५४ साली फिलिप गॉस याने ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द पुस्तकाच्या नावावर घालून रूढ केला, आणि इंग्लंडात घरोघरी टाक्यांचं वेड पसरलं. वॉरिंग्टनला एक गोष्ट मात्र दिसणं शक्य नव्हतं. माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो, आणि त्याचं कमी घातक द्रव्यात रूपांतर करणारे सूक्ष्म जीवाणू वाळूवर, दगडांवर वाढतात. हे जीवाणू विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९०च्या सुमारास वेगळे करून दाखवले. म्हणजे टाकीतला सगळ्यांत महत्त्वाचा शेजारी डोळ्यांना दिसतच नाही. नव्या टाकीत तो नसतो. तो वाढायला तीन-चार आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी वीस मासे सोडले तर ते आपल्याच घाणीत मरतात, आणि आपण म्हणतो, पाणी बाधलं. दोन-तीन काटक मासे आधी सोडावेत, थोडं खायला घालावं, बाकीच्यांना महिन्याने आणावं. महिनाभर रिकाम्या टाकीकडे बघत बसणं पोरांना कठीण जातं, पण त्याला इलाज नाही.

आपल्याकडे ही हौस वाढली ती मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयामुळे. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते ते उघडलं. नाशिकहून शाळेच्या सहली जायच्या, त्यात राणीची बाग आणि तारापोरवाला ठरलेलं. तिथे शेकडो जातींचे मासे एका छपराखाली दिसत, पण प्रत्येकाची टाकी वेगळी होती. मध्ये काच होती. घरी आल्यावर मात्र आपल्याला ते सगळं एकाच टाकीत हवं असतं.

तर मग निवडायचं कसं? माझ्या मते माशाला पहिला प्रश्न विचारावा तो त्याच्या गावाचा. तुझं पाणी थंड की ऊन, वाहतं की साचलेलं? गोल्डफिश थंड पाण्यातला. निऑन टेट्रा, एंजल, गुरामी हे ऊन मुलखातले, त्यांना पंचवीस अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. मुंबईत हा भेद वर्षभर लपून राहतो. नाशिकमध्ये तो डिसेंबरात उघडा पडतो. निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याच्या बातम्या आपण दर थंडीत वाचतो. त्या दिवसांत टाकीचं पाणीही उतरतं. गोल्डफिश खुशाल फिरत असतो आणि त्याच टाकीतल्या टेट्रांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके येतात. हीटर लावावा तर टेट्रा सावरतात आणि गोल्डफिश हैराण होतो. या दोघांना एकत्र ठेवू नये, नाशिकमध्ये तर नाहीच. शिवाय गोल्डफिश चांगला वीतभर वाढतो आणि घाणही तशीच करतो. गोल काचेच्या भांड्यात त्याला ठेवणं ही शोभा नव्हे, शिक्षा आहे.

गाव एक असलं म्हणजे भागलं, असंही नाही. एंजल आणि निऑन टेट्रा दोघेही अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातले. एकाच नदीचे. तरी मोठा झालेला एंजल निऑनला अलगद गिळतो, कारण तिकडेही तो हेच करत आला आहे. सुरुवातीला सांगितलेले ते सहाचे चार आणि चाराचे दोन बहुधा असेच जातात. म्हणून दुसरा प्रश्न तोंडाचा. जे ज्याच्या तोंडात मावतं ते त्याचं अन्न. दुकानात दोघेही लहान असतात, म्हणून मोठेपणीचं माप विचारून घ्यावं.

तिसरा प्रश्न स्वभावाचा. टायगर बार्ब हा पट्टेरी, देखणा, पण खोडकर मासा. संथ पोहणाऱ्यांचे लांब पर कुरतडायची त्याला सवय. एंजल किंवा पिसारा शेपटीचा गप्पी त्याच्या शेजारी ठेवला तर त्यांच्या शेपट्यांच्या चिंध्या होतात. बार्ब दोन-तीनच असले तर ते जास्त त्रास देतात. आठ-दहांचा थवा असेल तर त्यांची मस्ती आपसांत जिरते. फायटरचा नर दुसऱ्या नराशी मरेपर्यंत भांडतो, तो एकच ठेवावा. टेट्रा, डॅनिओ हे थव्याचे मासे, ते सहाच्या खाली ठेवले तर भेदरून कोपऱ्यात बसतात. आपल्या गंगेच्या खोऱ्यातला निळ्या पट्ट्यांचा झेब्रा डॅनिओ त्यात सर्वांत सोशिक. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या पुस्तकात त्याची नोंद केली, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्यावर संशोधन चालतं. नव्या टाकीचा पहिला रहिवासी म्हणून मी त्याचंच नाव सुचवीन.

आम्हा कवींना अशा ठिकाणी रूपक सुचायला वेळ लागत नाही. टाकीतले नाना रंगांचे मासे पाहून एकोप्यावर केलेल्या कविता मी पुष्कळ ऐकल्या आहेत. माझी त्याला हरकत आहे. टाकीतला एकोपा माशांनी केलेला नसतो. बाहेरच्या कुणीतरी एकमेकांना गिळू न शकणारे निवडलेले असतात आणि दोन वेळचं खाणं वरून पडत असतं. माणसांच्या मोहल्ल्याला ही उपमा देणं म्हणजे मोहल्ल्यातल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जे सांभाळलं त्याचं श्रेय काढून घेणं आहे.

असो. गप्पीचं नाव निघालं, त्यावर थोडं थांबू. ‘गप्पी’ हा शब्द मराठीत इतका मुरला आहे की गप्पांवरूनच आला असावा असं वाटतं. खरं म्हणजे ते एका माणसाचं आडनाव. त्रिनिदाद बेटावरच्या रॉबर्ट गप्पी यांनी हा मासा लंडनला पाठवला आणि १८६६ साली त्यांचं नाव त्याला मिळालं. डासांच्या अळ्या खातो म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो भारतात आला. १९२८ साली त्याच कामासाठी इटलीहून गंबुशिया आणला गेला. गावोगावच्या आरोग्य केंद्रांतून गप्पी वाटले गेले, विहिरींत आणि टाक्यांत सोडले गेले. बंद हौदाला किंवा बांधीव टाकीला हा उपाय चांगलाच आहे. घरच्या टाकीतही गप्पी गुणी. एका नराला दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर मादीला सुखाने जगू देत नाहीत. गंबुशिया मात्र शेजाऱ्यांचे पर तोडणारा आहे, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी परक्या जिवांच्या यादीत त्याचं नाव आहे. बांधीव टाकीतून तो ओढ्यात गेला की तिथल्या लहान माशांची अंडी-पिल्लं त्याच्या तोंडी लागतात.

माशांखेरीज इतर जीवांचं थोडक्यात सांगतो. गोगलगाय उपयोगी, पण तिला खायला फार मिळालं तर शंभर होतात. तिची संख्या वाढली, तर आपण माशांना जास्त खाणं घालतो आहोत असं समजावं. लहान कोळंबी लहान, गरीब माशांबरोबरच टिकते, एरवी ती महागडं खाद्य ठरते. खेकडा रात्री टाकीबाहेर पडून सोफ्याखाली सापडतो. लाल कानाचं अमेरिकी कासव दुकानात नाण्याएवढं असतं, पुढे ताटलीएवढं होतं आणि मासे खातं. बहुतेक देशी कासवं पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. हा कायदा १९७२ सालचा, आणि ठाऊक नव्हता अशी सबब त्यात चालत नाही.

भारनियमनाचे दिवस आठवत असतील. २००५ नंतरची काही वर्षं दिवसाचे कित्येक तास वीज नसायची. पंप बंद पडला की दाटीने भरलेल्या टाकीतले मासे वर येऊन तोंडं उघडू लागत. गुरामी आणि फायटर मात्र निवांत, कारण या कुळाला कल्ल्यांखेरीज हवेतला प्राणवायू घेण्याची जादा सोय असते. पंपाच्या जोरावर टाकी ठासून भरू नये. पंप बंद असताना जितके मासे तग धरतील, तितकेच ठेवावेत.

त्याच सुमारास फेंगशुईची लाट आली होती. दिवाणखान्यात अरोवाना हवा, फ्लॉवरहॉर्न हवा, म्हणजे पैसा येतो. फ्लॉवरहॉर्न हा मलेशियात १९९०च्या दशकात संकरातून घडवलेला मासा. त्याला गावच नाही. कपाळावर टेंगूळ, आणि शेजारी म्हणून कोणीही चालत नाही. तो वाढला, टाकी पुरेना, पैसाही येईना, मग त्याला करायचं काय? सकरचंही तेच. दुकानात तो बोटभर असतो, दोन-तीन वर्षांत हातभर होतो. मारवत नाही, देववत नाही. मग कोणीतरी पिशवी घेऊन गोदाघाटावर येतो आणि जीवदान दिल्याच्या समाधानात घरी जातो. सकर मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अंगावर हाडांचं चिलखत, परांना काटे, खाणारं कोणी नाही. उजनीच्या जलाशयात तो मच्छीमारांच्या जाळ्यात सापडतो, जाळी फाडतो, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही.

त्या पिशवीतला मासा ज्यांच्या घरात शिरतो त्यांचीही ओळख सांगायला हवी. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी दख्खनच्या माशांची नोंद करत फिरला आणि १८३९ साली ती छापून आली. त्याने एक न्यारी गोष्ट केली. कोळी-भोयांच्या तोंडची मराठी नावंच त्याने शास्त्रीय नावांत घातली. फुलंगी, कोळस, बोगट, मुरे, अशा उच्चारांची ती नावं आजही शास्त्राच्या यादीत आहेत. आपल्या बोलीतले हे शब्द घरातून गेले आणि लॅटिनच्या आश्रयाला राहिले.

पुढे शंभरएक वर्षांनी आपले होरा देवळालीच्या माशांवर लिहू लागले. बरोबर के. एस. मिश्रा होते. मुंबईच्या निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात १९३७ ते १९४२ दरम्यान तीन भागांत ‘देवळालीचे मासे’ ही लेखमाला आली. दारणा नदीतून मिळालेला एक छोटा मासा त्यांना सर्वस्वी नवा वाटला. १९३८ साली त्यांनी त्याला नाव दिलं, पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रॅटेरी. इंग्रजीत त्याला देवळाली मिनो म्हणतात. प्रॅटेरी हे नाव संस्थेचे क्युरेटर स्टॅनले प्रॅटर यांच्यावरून. हेच प्रॅटर पुढे मुंबईतून अँग्लो-इंडियन समाजाचे प्रतिनिधी म्हणून घटना समितीवर गेले. नाशिक जिल्ह्यातल्या एका नदीतला, बोटाएवढाही नसलेला मासा घटना समितीच्या सदस्याचं नाव लावतो, हे आपल्या शाळांतल्या किती पोरांना माहीत असेल?

हा मासा टाकीत ठेवण्याजोगा नाही. त्याचं कूळ डोंगरी ओढ्यांतलं, दगडाला धरून राहणारं. त्याला थंड, स्वच्छ, वाहतं पाणी लागतं. त्याला काचेत आणायचं म्हणजे आधी दारणा काचेत आणावी लागेल. नामशेष होण्याच्या अगदी काठावरच्या, अतिसंकटग्रस्त जातींत आज त्याची नोंद आहे. धरणं झाली, वाळू उपसली, गावांचं सांडपाणी आलं, आणि वर आपण पिशव्या ओतल्या.

नको झालेला मासा दुकानदाराला परत द्यावा. ओळखीचा दुकानदार फुकटात घेतो, पैसे मात्र देत नाही. मोठी टाकी असलेला कोणी हौशी शोधावा, प्रत्येक पेठेत एखादा असतोच. टाकीचं पाणी बदलाल तेव्हा ते झाडांच्या कुंड्यांत घालावं, खत म्हणून चांगलं असतं. ओढ्यात ओतू नये, त्यात गोगलगाईची अंडी आणि गप्पीची पिल्लं असतात, आणि गप्पीची मादी एका वेळी वीस-तीस पिल्लं सहज देते.